सोमवारी अकराचा भोंगा
ओल्या प्लायवूडचा वास आला की मला काळेवाडीतल्या आमच्या गल्लीचा खांब आठवतो. पुराचा इशारा द्यायला सरकारी योजनेतून त्यावर भोंगा बसवला होता आणि दर सोमवारी सकाळी अकराला त्याची चाचणी व्हायची. एका बाईचा शांत, गोड आवाज म्हणायचा, "नदीचे पाणी वाढत आहे. कृपया घर सोडा." चाचणीसाठी वेगळं वाक्य टेंडरमध्येच नव्हतं म्हणे. शेजारच्या काकू त्या आवाजावर कुकर लावायच्या. एका सोमवारी भोंगा अकरालाच सुरू झाला, पण थांबेना. बाहेर लख्ख ऊन होतं. "मशीन अडकलं वाटतं," काकू म्हणाल्या आणि आम्ही हसलो. वर धरणातून पाणी सोडलंय, हे आमच्या गावीही नव्हतं. मग उंबऱ्यावरून पाणी गुपचूप आत आलं, प्लायवूडचा दिवाण तरंगायला लागला, तसा मी काकूंना धरून जिन्यावर नेलं. खाली गल्लीभर गढूळ पाणी, आणि त्यावर ती बाई तितक्याच गोडीनं बोलत होती. पाणी ओसरल्यावर भोंगा दुरुस्त करायला माणूस आला. त्यानं बटण दाबताच अख्खी गल्ली पिशव्या घेऊन जिन्यावर चढली. "घाबरू नका, टेस्टिंग आहे," तो खालून म्हणाला. "मग खरं असलं की कसं बोलतो, भाऊ?" काकूंनी विचारलं. त्यानं हत्यारांची पिशवी उचलली. "असंच," म्हणाला. आता मी मारुंजीत नवव्या मजल्यावर राहतो. तरी सोमवारी अकरा वाजत आले की चपला कुठं आहेत ते बघून ठेवतो.