इम्रानचं रेशीम

ईशान, मीरा, काल ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासात ती मोतिया ओढणी हाती आली, म्हणून आजच लिहिते आहे.

आम्ही उत्तरेत अलीगंजला राहत होतो तेव्हा शेजारच्या रझियाआपांचा मुलगा इम्रान आमच्याच घरात खेळून मोठा झाला. त्याच्या निकाहाच्या कुर्त्यासाठी मी येवल्याहून शुद्ध रेशीम मागवलं. तुमचे आजोबा पूजेला रेशमी सोवळंच नेसत. त्याहून पवित्र वस्त्र मला ठाऊक नव्हतं.

इम्रानने कापडावर हात फिरवला आणि मान खाली घातली. "मौसी, हमारे यहाँ मर्दों को रेशम मना है."

"राहू दे मग," म्हणत मी कापड ओढून घेतलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी परकीच, असं वाटलं.

आपा मात्र हसल्या. "मर्दों को मना है, हमें थोड़े ही!" त्यांनी कात्री घेतली आणि दोन ओढण्या कापल्या, एक होणाऱ्या सुनेला, एक मला.

मला तेव्हा फक्त नकार ऐकू आला होता. नाही म्हणण्याआधी त्या पोराने कापडावरून किती मायेने हात फिरवला होता, ते आज दिसतं.

आपा आता नाहीत. ओढणी आहे, आणि ईदला इम्रानचा फोन अजून येतो.