पब्लिककडे पाठ

गायकवाडबाई कुणाच्याही घरी आल्या की आधी माणसांकडे नाही, छताकडे बघायच्या. हूक कुठे आहेत, वायर कुठून नेता येईल, हे सगळं उंबऱ्यातच ठरायचं. मग, "काय गं, बरी आहेस ना?" कोपरला आमच्या चाळीच्या तोंडाशीच त्यांचा मंडप डेकोरेशनचा गाळा. जयंती, गणपती, हळदी, बारशी, सगळीकडे त्याच. ओढणी कमरेला बांधून बाई शिडीवर चढल्या की खालच्या कामगारांची धडगत नसे. "मंडपाचं तोंड पब्लिककडे, बाकी सगळं नंतर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

चाळीतला नाताळचा गोठा मात्र पीटर अंकलचा. दरवर्षी ते तो स्वतःच्या हातांनी उभा करायचे. त्या वर्षी दिवाळीआधी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. खिडकीपाशी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडून असत. धड जेवत नसत. यंदा गोठा नको, मला बघवणार नाही, असं त्यांच्या बायकोने, मार्था आंटींनी, सांगून टाकलं.

बाईंना हे कळलं आणि त्या तरातरा आल्या. यंदाचा गोठा आपल्याकडे, तोही अंकलच्या खिडकीसमोर, म्हणजे पडल्या पडल्या दिसेल, असं परस्पर जाहीर करून मोकळ्या झाल्या. लग्नसराई ऐन भरात, तरी चोवीस तारखेला कामगार आमच्या अंगणात. एवढी सवड कुठून काढलीत, म्हणून मी विचारलं.

"अगं, आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजचं वायरिंग दरवर्षी पीटरभाऊ करतात. त्यांना कधी बोलवावं लागलं का?"

गोठा झक्कास झाला. बांबू, प्लायवूड, वर भाताचा पेंढा, मोठा कागदी तारा आणि बाळ येशूच्या मागे चक्क गणपतीच्या मखरातलं फिरणारं चक्र! अंकलना एकदम दाखवायचं म्हणून खिडकी दिवसभर बंद ठेवलेली. संध्याकाळी दिवे लागले, आंटींनी त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि खिडकी उघडली. समोर प्लायवूडची पाठ आणि खिळे. सवयीने बाईंनी गोठ्याचं तोंड रस्त्याकडे केलेलं. अंकलनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी कपाळावर हात मारला. सोडून पुन्हा बांधायला वेळ नव्हता, तेव्हा आहे तसा उचला म्हणाल्या. अख्खी चाळ लागली. गोठा वर उचलताना कुणाच्या तरी तोंडून "मोरया" निघालंच, आणि सगळ्यांत जास्त हसल्या त्या मार्था आंटी. दोन मेंढ्या घरंगळल्या, पण गोठा फिरला.

अंकल बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलून ताऱ्याकडे बोट दाखवलं. वाकडा आहे, अशी खूण. बाई लगेच शिडीवर. तारा डावीकडे केला, अंकलनी मान हलवली. उजवीकडे केला, पुन्हा नाही. असं बरंच चाललं. शिडी धरून मी उभी होते. पहिल्यापासून सरळच होता की हो, मी हळूच म्हटलं.

"मला काय दिसत नाही?" बाई वरून कुजबुजल्या. "भिंतीकडचं तोंड फिरलंय ना माणसाचं? काढू दे की चुका."

आणि खिडकीकडे वळून त्यांनी मोठ्याने म्हटलं, "हां पीटरभाऊ, आता बघा."