गाठीचं शेपूट

आमच्या घरात मासा शिजत नाही. त्यामुळे मी नोकरी करते त्या मच्छे गावच्या कारखान्यातून एके दिवशी मासे धरायची काठी घेऊन आले, तेव्हा आईने ती चपलांशेजारी बाहेरच ठेवायला लावली. कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. सुट्टीला तो हिडकल धरणाच्या पाण्यावर मासे धरायला जायचा आणि भाषेची अडचण नको म्हणून मला बरोबर न्यायचा. मायदेशी परतताना सामान जास्त झालं म्हणून काठी, चक्री आणि पिसांपासून केलेल्या खोट्या माश्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवून गेला. तोवर ते वेड मलाही लागलं होतं.

"धरून काय करणार?" आईने विचारलं.

"सोडून देणार."

"मग धरायचंच कशाला गं?"

मी काठी चपलांशेजारी नीट टेकवून ठेवली.

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला गांडूळ नसतं, शिसं नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते आणि तिला वजन म्हणावं असं काही नसतं. वजन असतं ते दोरीत. प्लास्टिकचा लेप दिलेली जाड, पिवळीधमक दोरी हवेत मागेपुढे फिरवून पाण्यावर पसरायची. पण असली पिवळी दोरी नाकासमोर आल्यावर कुठला मासा जवळ येतो? म्हणून तिच्या टोकाला पुरुषभर लांबीचा पारदर्शक नायलॉनचा धागा जोडतात. दोरीकडे जरा जाड, माशीकडे निमुळता होत गेलेला. तो लीडर. सगळी मेख दोरी आणि लीडर जिथे जोडतात तिथे असते. गाठ मोठी झाली तर दोरी ज्यांतून जाते त्या काठीवरच्या कड्यांत अडकते. सैल राहिली तर लीडर, माशी आणि मासा, तिघेही जातात.

इंजिनियरने बांधून दिलेला लीडर मी पहिल्याच महिन्यात एका बाभळीला अर्पण केला. नवा लीडर डबीत होता, पण ती गाठ मला जमेना. मोबाइलवर शिकवणारे सगळे अशा वेगाने बोटं चालवत होते की जणू त्यांची बस सुटत होती.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील. वडगावात आमच्या मागच्या खोलीत दोन माग होते आणि आप्पांनी जन्मभर त्यांवर साड्या काढल्या. गेल्या वर्षी ते माग भंगारात गेले. परवडत नव्हतं, गुडघे चालत नव्हते, आणि मी पगार आणते म्हणून पुढे कुणी ते चालवणारही नव्हतं. माग घेऊन टेम्पो गेला त्या दिवसापासून आप्पांना काम उरलं नाही. खुर्चीत बसून लुंगीच्या काठाचा एखादा दोरा ओढायचे, तो तोडायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा तोडायचे. समोर टीव्ही चालू असायचा. मला ते बघवत नव्हतं. राग यायचा, कुणावर काढावा ते कळायचं नाही, मग तो रिमोटवर निघायचा. त्यांनी पुन्हा काहीतरी मन लावून हातात धरावं, एवढंच मला हवं होतं. शेंगा सोलायला दिल्या, त्या त्यांनी सोलल्या आणि पुन्हा टीव्हीकडे बघत बसले. पाण्यावर चला म्हटलं, तर "तुझं ते खूळ तुलाच लखलाभ" म्हणाले.

त्या दिवशी मी मागच्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसून गाठीशी झगडत होते. नायलॉनचं एक टोक दातात, एक पायाच्या अंगठ्याखाली, आणि तोंडातून जे निघत होतं ते आईने ऐकू नये असं. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"काय चाललंय गं?"

"जाड दोरीला बारीक दोरा जोडायचाय. आणि गाठ कड्यांतनं सरळ जायला पाहिजे."

"मागाच्या फणीतनं जाती तशी?"

"तशीच."

"आण इकडं."

आमच्याकडे याला सांधणी म्हणतात. मागावरच्या उभ्या दोऱ्यांचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक दोरा जुन्याच्या शेपटाला बांधायचा, म्हणजे सगळे दोरे पुन्हा फणीतून ओवत बसावे लागत नाहीत. हजारो गाठी, आणि प्रत्येक गाठ फणीच्या दातांमधून निसटून गेली पाहिजे. म्हणून गाठ बांधली की तिची दोन्ही टोकं कैचीने अगदी मुळाशी उडवायची. मग अंगठा फिरवून बघायचा. बोटाला लागली तर ती गाठ वाईट. साडीत गाठ दिसली तर दुकानदार साडी परत पाठवतो. आप्पांची साडी गाठीपायी परत आल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते स्वतः मात्र हे आम्हाला बरेचदा ऐकवायचे.

माग गेले तरी मागाची छोटी कैची त्यांच्या बंडीच्या खिशात होती. मी नीट बघेपर्यंत गाठ बसली होती, टोकं उडाली होती आणि अंगठा फिरत होता.

"बघ. लागतंय का?"

लागत नव्हतं. पिवळी दोरी कुठे संपते आणि नायलॉन कुठे सुरू होतो हे डोळे मिटून सांगता आलं नसतं. मला गाठीचं कौतुक वाटलंच, पण त्याहून जास्त आनंद झाला तो त्यांच्या आवाजाचा. तो जुना, जरा चढेल आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. रविवारी ते न बोलावता गाडीत येऊन बसले.

संकेश्वरच्या अलीकडेच आम्ही हायवे सोडला आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत हिडकलच्या पाण्याशी पोचलो. मी दोरी फेकत होते आणि आप्पा दगडावर बसून दर फेकीला काठीच्या कड्यांकडे बघत होते. गाठ आत-बाहेर अशी जात होती की वाटेत कडी आहे हे तिला माहीतच नसावं. "जातीय," ते मधूनमधून म्हणायचे. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मग कुठल्याशा माशाने माशी घेतली. मरळ असावी, कारण ओढ जोरात होती. काठी वाकली, चक्री फिरली, मी ओरडले, आप्पा उठून उभे राहिले. आणि काठी एकदम सरळ झाली. मी दोरी गुंडाळली तर पिवळं टोक मोकळंच परत आलं. लीडर नाही, माशी नाही, मासा तर नाहीच.

म्हशी पाण्याला घेऊन आलेल्या एका माणसाने, मासा मिळाला का, असं लांबून कन्नडमध्ये विचारलं, "मीन सिक्तेन्री?"

"इल्ल," आप्पांनी नाही म्हणून सांगितलं. दोरीचं टोक हातात घेऊन ते बघत होते. दोरी कुरतडलेली नव्हती, चिरलेलीही नव्हती. लेप जसाच्या तसा होता.

"गाठ सुटली," ते म्हणाले. "तुटली असती तर दोऱ्याचा दोष. ही सुटलीया."

परतीच्या वाटेवर यमकनमर्डीशी आप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "हात गेला गं माझा." आणि बंडीतली कैची काढून माझ्या पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तुझ्या दोऱ्याबिऱ्याला होईल."

मला रडू यायला हवं होतं, पण आला संताप. गाडी कडेला घेतली आणि भांडल्यासारखी बोलत सुटले. "हात कुठं गेलाय? नायलॉन हलकट आहे! सुताला लव असते, खळ असते, एक दोरा दुसऱ्याला धरून बसतो. नायलॉन तेल लावल्यासारखा गुळगुळीत. ओढला की थोडा सरकणारच. आणि सरकायला तुम्ही शेपूटच ठेवलं नाही. मुळाशी कापलंत!"

"मग शेपूट ठेवायचं?"

मी त्यांना उघड्याने बाजारात जायला सांगितलं असावं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ठेवायचं. थोडंसं."

"गाठीला?"

"गाठीला."

"तसलं काम आपण करत न्हाय," ते म्हणाले आणि काच वर केली.

घरी आल्यावर इंजिनियर ही गाठ कशी बांधायचा ते मी त्यांना दाखवलं, म्हणजे मला आठवत होतं तितकं. दोरीला लागून दाभण धरायचं, दोरी आणि दाभण या दोन्हींवर मिळून लीडरचे वेढे द्यायचे, टोक त्या वेढ्यांखालून काढायचं आणि दाभण ओढून घेत सगळं आवळायचं. लीडर असा दोरीला चावून बसतो. माझा वेढा दरवेळी दाभणाबरोबर बाहेर यायचा. आप्पांनी दोनदा बघितलं, "ही सांधणी न्हाय, नुसती गुंडाळणी हाय" असा निकाल दिला आणि उठून टीव्ही लावला. त्या आठवड्यात लुंगीचा दोराही त्यांच्या हातात दिसला नाही. हात नुसते मांडीवर असायचे. मला भीती वाटायला लागली. शेंगा, भाजी, काहीही चाललं असतं, मी नेमकं त्यांचं गाठीचंच काम त्यांच्यापुढे का धरलं असं सारखं वाटायचं.

शनिवारी कारखान्यातून लवकर सुटले. टीव्ही बंद होता. मागच्या खोलीतून आईचा आवाज येत होता, "अहो, भिंत येईल खाली."

आत फरशीवर पिवळे तुकडे पडले होते. वितीवितीचे. माझी दोरी होती ती, कारखान्यातल्या कुणाला तरी सांगून परदेशातून मागवावी लागणारी. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. प्रत्येक तुकड्याला नायलॉनचा एक तुकडा जोडलेला होता. काहींचे वेढे सुटले होते, काहींचे एकमेकांवर चढले होते, आणि शेवटचे काही एकाशेजारी एक असे बसले होते, कांडीवर सूत बसतं तसे. आईचं गोधडीचं दाभण आप्पांच्या कानावर होतं. मागाची मोटर जिथे होती तिथला भिंतीतला लोखंडी हूक तेवढा राहिला होता. त्या हुकाला त्यांनी नायलॉनचं टोक अडकवलं होतं, चक्रीवर उरलेली पिवळी दोरी मनगटाला गुंडाळली होती, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर अख्खं अंग मागे टाकून ते ओढत होते. दोरी ताणली, नायलॉन कुईकुई करायला लागला, आप्पांच्या कपाळावरची शीर फुगली. गाठ हलली नाही.

"जा, कैची आण," म्हणतील असं मला वाटलं. पण ती त्यांच्या बंडीतच होती. माझ्या पिशवीतून कधी काढून घेतली कोण जाणे.

त्यांनी दोरी हुकावरून सोडवली, चष्मा वर केला आणि कैची गाठीच्या मुळाशी नेली. वर्षानुवर्षं ती तिथेच जात आलेली होती. तिथे ती थांबली. मग जरा बाजूला सरकली. कट्. तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट राहिलं.

आईने, तीही कोष्ट्याचीच लेक, न सांगता पुढे होऊन गाठीवर अंगठा फिरवला. तिची भुवई वर गेली.

"लागतंय की हो."

"लागू दे," आप्पा म्हणाले, आणि कैची बंडीच्या खिशात टाकली. "गाठ हाय ती. दिसली तर दिसली."