गाईला पाय लागला

जपानात सेंदाईला आल्यावर नवऱ्याला विद्यापीठात प्रयोगशाळा मिळाली आणि मला कोनबिनीत गल्ला. आठवड्याचे पाच दिवस त्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून वाकून पाठ आखडायची, म्हणून रविवारी मी घोड्यावर बसायला जाऊ लागले. कॉलेजात तीन वर्षं पहाटे उठून घोडेस्वारी केली होती. तेवढ्या भांडवलावर डोंगराच्या पायथ्याशी एका गृहस्थांच्या तबेल्यात शिरले.

सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, मीही म्हणू लागले. तरुणपणी ते अमेरिकेत गुरं राखायला होते आणि येताना एक टोपी, एक दोर आणि भरपूर शिव्या घेऊन आले होते. त्यातला दोर त्यांनी मला शिकवला. गाय नव्हतीच. प्लॅस्टिकच्या पिंपाला शिंगं म्हणून जुन्या सायकलचं हँडल ठोकलं होतं, त्यावर फास टाकायचा. घरी मी नवऱ्याच्या फिरत्या खुर्चीवर सराव करायचे, कधी कधी तो खुर्चीत असतानाही.

"पुण्याला सांगू नकोस हं," तो मान सोडवत म्हणायचा. "बायको जपानात जाऊन गाई धरते म्हणून."

पुण्यात आता सांगण्यासारखी एकटी आईच होती. दर रविवारी संध्याकाळी मी तिला फोन करून म्हणायचे, "आता इकडे ये." आणि ती म्हणायची, "मग बोक्याला कोण बघणार?" बोका तिचा नव्हताच. सोसायटीत हिंडणारा, एक कान फाटलेला, दूध-पोळीपुरता घरी येणारा. मला भयंकर राग यायचा. पोटच्या पोरीपेक्षा बोका मोठा!

त्या नोव्हेंबरात मात्र खरी गाय निघाली. तबेल्याच्या वरच्या अंगाला एका ऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंचा गोठा होता. एके काळी त्यात पंधरा गाई होत्या, आता ही एकच काळी उरली होती. मे महिन्यात गुरं डोंगरावरच्या कुरणात सोडायची आणि बर्फ पडायच्या आत खाली आणायची, ही तिथली रीत. हिने जुलैतच कुंपण मोडलं आणि रानात शिरून पार रानटी झाली. पायी शोधणाऱ्यांच्या हातावर तिने तुरी दिल्या. भुलीचं इंजेक्शन घेऊन आलेल्या डॉक्टरला शंभर पावलांच्या आत येऊ दिलं नाही. पुढे ती तिन्हीसांजेला घाटरस्त्यावर येऊन उभी राहू लागली. दोन गाड्या धडकता धडकता वाचल्या, तेव्हा गावच्या कचेरीने निरोप पाठवला की रविवारपर्यंत धरा, सोमवारी बंदूकवाले येतील.

आजीबाईंच्या मुलानेही बजावलं होतं. गाय गेली की गोठा बंद, आणि आईने तोक्योला त्याच्या फ्लॅटवर यायचं.

"सातव्या मजल्यावर," आजीबाई मला म्हणाल्या. खालच्या मातीकडे बघतच म्हणाल्या.

सेन्सेईंचा उजवा खांदा कामातून गेला होता. "मी हाकलत आणतो, दोर तू टाकायचा," ते म्हणाले. मी हो म्हणून टाकलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं घोड्यांवरून डोंगरावर गेलो. कमरेएवढ्या बांबूच्या गवतात ती सापडली. सेन्सेईंनी आरोळ्या ठोकत तिला जुन्या कुरणाच्या मोकळ्या जागेत काढलं. दोराचं दुसरं टोक हातात धरायचं आणि फास पडला की खोगिराच्या पुढच्या खुंटाला झटकन वेढे द्यायचे, अशी त्यांची शिकवण होती. आधीच बांधून ठेवायचं नाही, कारण गाय भारी पडली तर सोडून देता आलं पाहिजे. मी फास टाकला आणि तो बरोब्बर गळ्यात पडला! सायकलच्या हँडलावरही इतका सुरेख कधी पडला नव्हता. तेवढ्यात गाय वळली, घोड्याला घासून गेली आणि माझा बूट धप्पकन तिच्या पाठीला लागला.

माझा उजवा हात आपोआप खाली गेला, तिच्या पाठीला टेकला आणि कपाळाला लागला. दोर अर्थात गाईबरोबर गेला.

सेन्सेई पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "दोर का सोडलास? कपाळावर काय होतं, माशी?"

"गाईला पाय लागला," मी म्हटलं. "आमच्याकडे पाय लागला की नमस्कार करतात."

त्यांनी घोडा माझ्याजवळ आणला. "गळ्यात फास टाकलेला चालतो?"

"चालतो. पाय नाही."

यावर त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. मग स्वतःचा दोर काढून त्याचं टोक माझ्या खोगिराच्या खुंटाला गच्च बांधलं. "हे मी कुणाला शिकवत नाही. पडलीस तर घोड्यासकट पडशील. पण हात मोकळा राहील. हवे तेवढे नमस्कार कर."

गळ्यातला दोर झुडपांत अडकत असल्याने ती फार लांब गेली नव्हती. दुसऱ्यांदा फास शिंगांवरून खाली सरकला, घोडा मागच्या पायांवर रेलला आणि दोर ताणला गेला. खोगीर करकरलं, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाय टोकाला फुसफुसत उभी होती. मी लगाम सोडून दोन्ही हात जोडले. देवळातही इतक्या मनापासून कधी जोडले नसतील.

खाली आजीबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी गाईला एक चापट मारली, "मूर्ख!" आणि मग तिच्या मानेत तोंड खुपसून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. डोळे पुसून त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "आली ती. मला काही यायला जमायचं नाही." तो काहीतरी बोलला असणार. त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, एकटी कुठे आहे मी?"

मी खोगीर उतरवत होते. मला एकदम लाज वाटली.

परतीच्या बसथांब्यावरून मी नेहमीप्रमाणे आईला फोन केला. "इकडे ये" जिभेवर आलंच होतं, ते गिळलं.

"बोका जेवला का?" मी विचारलं.

"जेवला की!" आई म्हणाली. मग तो कसा रुसतो, कुठल्या पायरीवर झोपतो, कालच्या पोळीला तोंड कसं लावत नाही, हे माझी बस येऊन निघून गेली तरी ती सांगत होती.