उषाबाईच्या कोंबड्या

दूध गॅसवर ठेवून मी मेथी निवडत होते, तोच दारावर थाप पडली. उषाबाई कधी दार वाजवायची नाही, "ताई, सेतस का घरमा?" म्हणत थेट ओट्यापाशी यायची. आज ती उंबऱ्याबाहेर थांबली होती, पदर नाकाला लावून. आत ये म्हटलं तर आणखी मागे सरकली.

उषाबाई शिंदखेड्याकडची. नवरा हिलाल सुरतेत कापडाच्या लूमवर होता, म्हणून इथे लिंबायतला आली. प्लेगच्या साली हिलालला ताप भरला आणि दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेली. हिला दवाखान्याच्या फाटकाशी अडवलं. ही बाहेर बसून राहिली, आत त्याने प्राण सोडला. ताप कसला होता, ते कुणी सांगितलंच नाही. मग मायलेकीच उरल्या. ती आणि सोनाली साड्यांना टिकल्या लावत, मोरीमागे कोंबड्या पाळत.

या थंडीत कोंबड्या माना टाकू लागल्या. गावाकडे याला मानमोडी म्हणतात, आणि तिकडची रीतही ठरलेली: मरायच्या आधी सुरी फिरवायची, म्हणजे कोंबडी वाया जात नाही. उषाबाईने तेच केलं. पिसं सोनालीने उपटली. काळ्या मसाल्याचा रस्सा गल्लीत घरोघर गेला.

त्यानंतर पेपरात आलं, की हाँगकाँगला कोंबड्यांचा ताप माणसांना लागला, माणसं दगावली, म्हणून तिथे कोंबड्या सरसकट मारल्या. नळावर शेजारची सरलाबाई आधी हसली, "उषाबाईच्या कोंबड्या काय विमानाने आल्या का गं?" मग तिला स्वतःकडे आलेली रश्श्याची वाटी आठवली आणि कळशी अर्धीच उचलून ती घरी गेली. प्लेगाआधी उंदीर मेले होते, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. उषाबाईच्या दाराशी कुणी थांबेनासं झालं.

"पोर तापनी, ताई," ती म्हणाली. सोनाली रात्रभर फणफणली होती, आता तिला धाप लागली होती.

हिवताप असेल, मी म्हटलं. मानमोडीने माणूस आजारी पडल्याचं कधी ऐकलं नाही, असंही म्हटलं. मागे दूध उतू गेल्याचा वास आला, तरी पाय हलेना.

शेवटी गॅस बंद केला, चपला घातल्या. रिक्षा आणते, म्हटलं, पण डॉक्टरांना कोंबड्यांचं सांगावं लागेल. सांगितलं की पोरीला वेगळं ठेवतील, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगा म्हणाली.

"तुम्हाला त्यांच्याशी बोलता येतं. फक्त एवढं सांगा त्यांना, माले तिनाजवय बसू द्या."