रोवणी संपली की काकूचा वाढदिवस

काकूचा वाढदिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला यायचा. आधार कार्डावर एक जुलै होती, पण ती शाळेतल्या गुरुजींनी ठोकून दिलेली. काकूला ती मान्य नव्हती. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, शेतातल्या शेवटच्या बांधीत शेवटचं रोप रोवून झालं आणि तू झालीस. म्हणून एकोडीच्या आमच्या घरची धानाची रोवणी ज्या दिवशी संपे, तो काकूचा वाढदिवस. पाऊस लांबला की काकू त्या वर्षी उशिरा म्हातारी व्हायची. ती गेली, त्याला आता एक रोवणी उलटली.

रोवणाऱ्या बाया चिखलाचे हातपाय धुऊन थेट आमच्या अंगणात येत. त्यांच्या नवऱ्यांनाही बोलावणं असे. ताडपत्रीखाली टम्म फुगलेल्या सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, वडे, पाटोडीचा जहाल रस्सा. साकोलीहून आणलेला केक काकू विळ्यानं कापायची. मग सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, टीव्ही अंगणाकडे तोंड करून ठेवायचा आणि पेन ड्राइव्हवरचा सिनेमा लावायचा. मारामारी आली की काकू ओरडे, "हे पुढे ढकल रे, गाणं येऊ दे." अख्खा सिनेमा पाऊण तासात संपे. त्यानंतर नाच, तोही जोडीनं, ज्यानं त्यानं आपल्या बायकोचा हात धरून. लाजणाऱ्यांना काकू सोडत नसे. "रोवता रोवता कंबर अखडली बायकोची. मोकळी कराले हात नाही देत काय?" गावात कुणाशी चार शब्द न बोलणारे माझे काका त्या दिवशी मुकाट्यानं नाचत.

एकाच माणसाला या नाचात जागा नव्हती. माझ्या बाबांना. ते काकूचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या खाटेला हात लावायचा नाही. काकूनं हे तीस वर्षं पाळलं. निरोप सांगायला घरात कुणी नसलं तर ती मांजराला सांगायची, "मने, सांग त्यायले, चहा झाला." बाबाही मांजराकडे बघूनच म्हणत, "साखर कमी टाक म्हणा." वाढदिवसाला जेवण आटोपलं की बाबा उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसत, ते नाच संपल्यावरच परतत. त्यांना हे सारं आवडत नाही, असंच मी समजत होतो.

मग एका उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांची खाट सपरीतच टाकली होती. रोवणी संपत आली तसं घरात कुणी कुणाशी मोकळं बोलेना. काकूनं बायांना निरोप धाडले होते खरे, पण वडे तळताना ती दर घाण्याला सपरीकडे वळून बघत होती. मी मोहाडीहून रजा काढून आलो होतो आणि आल्याचा पस्तावा करत होतो.

आईनं झारा आपटला. "त्यायची वाचा गेली म्हणून आता त्यायच्या छातीवर नाचशीन काय तू?"

"नाही म्हणतील तं आत्ता बंद करीन बाई," काकू म्हणाली. "पण त्यायले नाही म्हणताच येत नाही न. तेच तं भेव आहे मले."

नाचावं तर एका असहाय माणसाचा अपमान. न नाचावं तर त्यानं जन्मभर न घातलेली बंदी त्याच्याच नावावर लागायची. जेवणं झाली, केक कापला, सिनेमा संपला. सगळे अंगणात उभे राहिले, पण गाणं लावायला कुणाचं बोट पुढे होईना.

तेवढ्यात खाट करकरली. बाबांनी डाव्या हातानं खाटेच्या कडेची पाटी धरली आणि स्वतःला भिंतीकडे ओढायला सुरुवात केली. मी धावलो, तर त्यांनी माझा हात झटकला. घाम फुटला, बंडी वर सरकली, पण ते वळलेच. अंगणाकडे पाठ झाली.

"घे पाहून," आई म्हणाली. "तोंड फिरवलं." बाया आपापल्या चपला शोधू लागल्या.

"थांबा वो," काकू म्हणाली. "राग असता तं डोळे मिटले असते. एवढी मेहनत कायले केली असती? उठून जाता येत नाही, म्हणून भिंतीकडे गेले ते. आपल्याले मोकळं करून देऊन राहिले. दरवर्षी तेच तं करत होते."

माझ्या बापाबद्दलचा माझा इतक्या वर्षांचा गैरसमज तिनं अंगणात उभ्या उभ्या काढून टाकला. मला स्वतःची लाज वाटली.

काकू एवढ्यावर थांबली नाही. ती सपरीत चढली, त्या खाटेला जन्मात पहिल्यांदा हात लावला आणि मला दुसरी बाजू धरायला लावून खाट अंगणाकडे फिरवली. मग थेट बाबांनाच म्हणाली, "दादाजी, इतकी वर्षं माझ्यासाठी घराबाहेर राहिले. आज राहा न घरात."

पहिलं गाणं होईपर्यंत बाबा छताच्या लाकडी फाट्यांकडे पाहत राहिले. दुसऱ्या गाण्याला त्यांची नजर खाली आली. काकांच्या हातात हात देऊन काकू गिरकी घेत होती, पदर खांद्यावर. बाबा बघताहेत हे तिला दिसलं. तिचं पाऊल चुकलं, हात पदराकडे गेला आणि तसाच खाली आला. ती नाचत राहिली.

त्यानंतर बाबा पाच महिने होते. काकू रोज खाटेशी बसून त्यांच्याशी बोलायची. लग्नात रुसलेल्या मामापासून विहिरीच्या मोटारीपर्यंत, तीस वर्षांचं साचलेलं सगळं. बाबा ऐकत. ते गेले त्या दिवशी काकू बायकांच्या कोपऱ्यात नव्हती, त्यांच्या उशाशी बसली होती, आणि तिला कुणी हटकलं नाही.

मी जवळ जाऊन बसलो. "मी तं सारं बोलून टाकलं रे बापू," ती म्हणाली. "पण त्यायनं मले एकदाही हाक मारली नाही. निस्तं 'सुमन' म्हटलं असतं, तरी झालं असतं."

काकूचं नाव सुमन आहे, हे मलाही त्या दिवशी आठवून घ्यावं लागलं होतं.