बाहेरचं लागलं

"बोल! कोण हायस तू? काऊन धरलं झाडाले?"

भगताचा आवाज असा, की लोणारच्या तळ्याकाठची माकडं धडाधड खाली पडली असतील. आमचं गाव बीबीजवळचं. कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा आणि दुखण्यांचा भगताच्या हातून. भरदुपारी अख्खं गाव भगताच्या अंगणात लोटलेलं. नवी सून असून मीही पदर दातांत धरून पुढे घुसले. झाड म्हणजे आमची शेजारीण. अंगात आलेल्या बाईला भगत झाडच म्हणतो. नवऱ्यानं रागात तिचं डोकं जात्यावर आपटलं, तेव्हापासून ती मधूनच ताठ व्हायची, तोंडाला फेस यायचा. बाहेरचं लागलं, असं गाव म्हणे. घरातलं लागलं, असं म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती.

भगतानं वेताची छडी उचलली. मागच्या झाडाची पाठ त्यानं पार सोलून काढली होती, आणि हिच्यात तर एक फटका सोसायचाही जीव उरला नव्हता.

नवरा म्हणाला, "मारा बेधडक, भगतबुवा. भुताले लागते, हिले नाही."

तेवढ्यात ती हसली. देवाशपथ सांगते, वारा थांबला, गाई रवंथ विसरल्या. तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता, म्हणजे नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा तुकडा. दुसरीला तो घालावाच लागे. तो मुठीत धरून ती भलत्याच घोगऱ्या आवाजात बोलली, "मी पाय घसरून इहिरीत पडली, असं सांगतलं ना रे तू लोकायले? आता सांग, त्याच्या आंधी तू काय केलं!"

भगताची छडी गळाली. नवरा असा पांढरा पडला, की चिखलीच्या बाजारात कापसाच्या ढिगावर बसवला असता तर सापडला नसता. त्या दिवसापासून त्यानं तिच्यावर हात उचलला नाही. ओसरीवर निजू लागला, तेही घराच्या दाराकडे पाठ न करता.

मला मात्र चैन पडेना. पहिलीला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका गळ्याची शपथ घेऊन सांगत, आवाज तिचाच होता. शेवटी कापूस वेचताना मी शेजारणीच्या डाव्या बाजूला सरकले आणि हळूच विचारलं, "खरं सांग बाई, ती आलती, का तूच बोलली?"

माझे ओठ हलताना तिला दिसले असावेत. बोंडातला कापूस ओढत ती म्हणाली, "इकडून बोल. त्यानं मारलं तवापासून तो कान बंद हाये."